घाटानं घडवलेली नजर

नव्या गाडीचं चित्र समोर आलं की मुळशीतला माणूस आधी तिच्या तोंडाबद्दल बोलतो. तोंड चांगलं काढलंय, पाठ बसकी वाटते, उभी राहिली की रुबाब दिसतो, चाकं अंगाच्या मानानं बारीक आहेत. हे शब्द मोटारीबरोबर आलेले नाहीत, ते गुरांच्या बाजारातले आहेत. चाकणच्या शनिवारच्या बाजारात खिल्लार खोंड घेणारा शेतकरी शिंगांची ठेवण, वशिंड, पाठीची रेघ आणि खुरांची पकड बघत आला. त्याला देखणा बैल हवा असायचा, पण देखणेपणाचा अर्थ तिथे ठरलेला होता: जे अंग कामाला उपयोगी ते सुंदर. पुढे त्याच चाकणच्या परिसरात मोटारींचे कारखाने उभे राहिले आणि गाड्यांकडे बघणारे डोळे जुनेच राहिले. म्हणून मुळशीसारख्या तालुक्यात नव्या गाड्यांच्या रूपावर जी हिरिरीनं मतं मांडली जातात, त्यांना रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणणं चूक आहे. त्या मतांमागे एक परंपरा आहे आणि तिची कसोटी एकच आहे: गाडीच्या रूपानं तिच्या कामाबद्दल खरं बोलावं.

ही कसोटी रस्त्यानं शिकवली. चांदणी चौकातून निघालेला रस्ता पिरंगुट, पौड ओलांडून धरणाच्या कडेनं ताम्हिणी घाटात शिरतो आणि कोकणात उतरतो. पावसाळ्यात या घाटात कोसळणारा पाऊस सह्याद्रीतल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी असतो. रस्ता सोडून आत वळलं की लाल चिखल, ओढ्यांवरचे फरशी पूल आणि चढाच्या कच्च्या वाटा. अशा गावांत वर्षानुवर्षं धावली ती जीप. महिंद्रांनी 1947 साली विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. युद्धासाठी आखलेल्या त्या गाडीचा सपाट पत्रा, उभी काच आणि उघडी चाकं खेड्यांनी आपलीशी केली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. तिच्यात मागे समोरासमोर बाक असत आणि वडापवाला त्यांवर माणसं, दुधाच्या किटल्या, भाताची पोती असं सगळं बसवी. तिच्या चौकोनी अंगाला कोणी सुंदर म्हणत नव्हतं, पण त्या अंगाची प्रत्येक रेघ कारणाची होती. छत सपाट, कारण वर सामान बांधायचं. पत्रा सरळ, कारण दगडाला घासला तर गावातल्या गॅरेजात ठोकून जागेवर आणता यावा. पुढचं चाक चालकाला जवळजवळ दिसावं, कारण वळणावर कडा किती उरली हे त्यालाच कळायला हवं.

मुळशीला ‘टाटा’ हे नाव पहिल्यांदा कळलं ते मोटारींमुळे नव्हे. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला; पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. शेतं आणि गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. चार-पाच दशकांनंतर तेच नाव पिंपरीहून आलं. सुमंत मुळगावकरांनी उभारलेल्या टेल्को या टाटांच्या मोटार कंपनीच्या पुणे कारखान्यातून 1977 साली पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं. 1991 मध्ये सिएरा आणि 1994 मध्ये सुमो आली. सुमोच्या नावात मुळगावकरांच्याच नावा-आडनावाची पहिली अक्षरं आहेत. या दोन गाड्या शेजारी ठेवल्या तर माझा मुद्दा स्पष्ट होतो. सिएराला तीन दरवाजे होते आणि मागची मोठी काच बाजूनं वर चढत छतापर्यंत वळलेली होती. मागे बसायला पुढचं आसन वाकवावं लागे आणि ती काच उघडत नसे. सुमो म्हणजे चाकांवर ठेवलेली पेटी, पण दहा माणसं घेऊन घाट चढणारी. सुमो गावोगाव पोचली, वडापला लागली, लग्नाच्या वऱ्हाडात फिरली, रुग्णवाहिका झाली. सिएरा मोजक्यांनी घेतली, पण तिच्या काचेकडे सगळे बघत राहिले. 1998 अखेर आलेल्या इंडिकाचा आकार इटलीतल्या तुरीन शहरातल्या संस्थेनं आखला होता आणि गाडी घडली पुण्यात. ॲम्बॅसडरइतकी आतली जागा आणि झेनएवढा बाहेरचा आकार, असं तिचं ध्येय होतं. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी भरपूर झाल्या, तरी लोक तिच्याकडे वळले, कारण बाहेरून दिसणाऱ्या आकारात आतल्या जागेचं वचन होतं आणि दार उघडल्यावर ते पाळलेलं दिसत होतं.

नंतरचा काळ या कसोटीला अवघड गेला. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत आणि पुढे माणमध्ये माहिती तंत्रज्ञानाचं संकुल उभं राहू लागलं, त्याभोवती इमारती चढल्या, एकरांचा भाव गुंठ्यांवर आला. 2018 मध्ये आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं जमीन विकून हातात आलेल्या पैशाची आणि त्यामागच्या पडझडीची गोष्ट महाराष्ट्रभर नेली. त्या पैशातून पहिली दिसणारी वस्तू आली ती दारातली उंच, रुंद, पांढरी किंवा काळी गाडी. नंबरपट्टीवर 4141 हा आकडा ‘दादा’ असा वाचला जाऊ लागला आणि 8055 ‘बॉस’ असा. एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना ठरावीक साच्याची सुरक्षा नंबरपट्टी सक्तीची झाली तेव्हा त्या अक्षरकलेला कायद्यानं आळा बसला. इथे पहिला आक्षेप उभा राहतो: मग ही आवड कामाची कुठे उरली? ती तर दिखाव्याची आहे. आक्षेपात तथ्य आहे. ज्या गाडीला कधी चिखल लागणार नाही तिची उंची हा नुसता तोरा असतो. पण दिखावा करण्यासाठी लोकांनी कोणतं रूप निवडलं, हेही बघायला हवं. लांब, बसकी, गुळगुळीत गाडी त्याच पैशात मिळत होती. निवडली गेली ती घाटातल्या जीपच्या घराण्यातली. ज्या अंगानं पूर्वी ओझं वाहिलं त्याच अंगाला प्रतिष्ठा मिळाली, जसा शर्यतीत पळणाऱ्या बैलाला औत ओढणाऱ्या बैलाचाच मान मिळतो.

दुसरा आक्षेप असा की जुन्या आकारांचं कौतुक म्हणजे स्मरणरंजन आहे आणि कंपन्या त्याचा धंदा करतात. धंदा आहे हे खरं, पण शौकिनांची मतं ऐकली तर ते डोळे झाकून जुन्याला भुलत नाहीत असं दिसतं. 2020 च्या वाहन प्रदर्शनात सिएराचं नवं रूप दिसलं तेव्हापासून चर्चा काचेवर होती आणि नोव्हेंबर 2025 मध्ये गाडी बाजारात आल्यावरही तिथेच राहिली. नव्या सिएराला पाच दरवाजे आहेत, मागे बसणं सोपं झालं आहे, पण काच आता छतापर्यंत वळत नाही. काळ्या चकचकीत पट्ट्यांनी तसा भास साधला आहे. एक पक्ष म्हणतो, हा काळाला धरून केलेला बदल आहे. दुसरा म्हणतो, भास कशाला, नसेल तर नसू द्या. माझ्या मते दोघेही एकाच कसोटीवर बोलत आहेत. दरवाजे वाढले ते माणसाच्या सोयीसाठी, म्हणून ते सगळ्यांना पटले. काळी पट्टी फक्त आठवणीसाठी आहे, म्हणून तिच्यावर वाद झाला. महिंद्रांच्या थारबद्दलही हेच. 2018 मध्ये अमेरिकेत जीप या नावाची मालकी असलेल्या कंपनीनं महिंद्रांच्या रॉक्सॉर या जीपसारख्या गाडीविरुद्ध तक्रार केली आणि 2020 मध्ये तिच्या मूळ रूपाच्या विक्रीला तिथे मनाई झाली. चेहरा ही मालमत्ता असते हे त्या वादानं दाखवलं. 2024 च्या पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सला पुढच्या जाळीत सात खाचांऐवजी सहा मिळाल्या, त्यावर चवीनं बोललं गेलं. पण जास्त टीका झाली ती मागच्या त्रिकोणी खिडकीवर, कारण ती आतल्या माणसाला फारसं काही दाखवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. उंच, उभ्या तोंडाची गाडी पायी चालणाऱ्याला धडकली तर मार मांडीऐवजी छातीवर आणि डोक्यावर बसतो. उभा चेहरा वारा कापत नाही, तो वारा अडवतो, त्यामुळे इंधन जास्त जातं आणि विजेच्या गाडीचा पल्ला घटतो. पौडच्या बाजारातून, शाळकरी मुलांच्या रांगेजवळून रोज गाड्या जातात. तिथे रुबाबाचं कौतुक करताना हे विसरणं अक्षम्य आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि जुन्या कसोटीलाही तो मान्य व्हायला हवा. बैल मारका असेल तर कितीही देखणा असला तरी बाजारात त्याचा भाव पडतो. म्हणजे सुरक्षितता ही रूपाबाहेरची अट नाही, ती रूपातच मोजली गेली पाहिजे. विजेच्या गाडीला इंजिनसाठी मोठी जाळी लागत नाही, तरी कित्येक नमुन्यांवर जाळीचं सोंग रंगवलेलं असतं. चाकणला तयार होणारी महिंद्रांची बीई 6 नोव्हेंबर 2024 मध्ये आली तेव्हा तिच्या टोकदार, उतरत्या आकारानं दोन तट पडले. ज्यांना ती आवडली त्यांनी वाऱ्याचा हिशेब मांडला, ज्यांना नाही त्यांनी मागच्या काचेतून किती दिसतं आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर जागा किती उरते हे विचारलं. दोन्ही बाजू कामाच्या भाषेत बोलत होत्या.

आज मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडीत, टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटीसारख्या संस्थांमध्ये जगभरच्या गाड्यांची अभियांत्रिकी आणि संगणकप्रणाली घडते. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी आहे, तिथल्या वस्त्या आहेत, पाऊस आहे, आणि फरशी पुलावरून पाणी जात असताना पलीकडे जायचं की थांबायचं हे ठरवणारे चालक आहेत. ज्याला आपण शौकीन म्हणतो तो या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो. नवा नमुना काळ्यापांढऱ्या नक्षीच्या आवरणात झाकून रस्त्यावर चाचणीला निघाला की तो त्याचा फोटो काढतो, आवरणाखालची रेघ ओळखतो आणि आपलं मत देतो. ते मत कधी उतावीळ असतं, कधी अभिमानानं आंधळंही. पण पत्रा का वळला, काच का छोटी झाली, चाकं का मोठी झाली हे विचारण्याची सवय त्याच्यात जिवंत आहे, आणि ती चाकणच्या बाजारापासून चालत आली आहे. गाड्यांचं रूप आखणाऱ्यांनी विक्रीचे आकडे जरूर बघावेत. त्याबरोबर एखाद्या पावसाळी सकाळी पौडच्या स्टँडवर उभं राहून, दार उघडताना, ओझं चढवताना, काच पुसताना लोक गाडीशी कसे वागतात हेही बघावं. तिथे खोंड पारखणाऱ्यांची नातवंडं आहेत आणि कोणतं अंग कशासाठी हे ती अजून विचारतात.