मेणाचं घर, शेणाचं घर

चिऊ-काऊची गोष्ट काही कालची नव्हे. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त ती चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. फक्त तिथं मेणाचं घर साळईच्या नावावर आहे. सातशे वर्षांत मेणाचा मालक बदलला, शेण मात्र कावळ्याकडेच राहिलं! गोष्टीचे नियमही ठरलेले. पाऊस मुसळधारच हवा, वाहून जायचं ते कावळ्याचंच घर, त्यानं दार पुन्हा पुन्हा ठोठवायचं आणि आतून दर वेळी नवी सबब.

माझी जव्हारला बदली झाली आणि या नियमांची शंका येऊ लागली. जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांवर कुडाच्या भिंती, शेणमातीनं लिंपलेल्या. पाऊस असा, की छत्री ही केवळ समजूत. तरी घरं उभी! उलट मेणाचं घर इथल्या एप्रिलात पातळ झालं असतं. पण गोष्टीत ऊन पडतच नाही. मेण कुणाच्या जामिनावर मिळालं, हेही चिमणीला कुणी विचारत नाही.

अशाच एका घरातला म्हातारा आमच्या कर्जाच्या खिडकीशी यायचा. कधी शिक्का सापडत नसे, कधी सही करणारे जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला तो हसून म्हणाला, "साहेब, बाळाची आंघोळ अजून उरकली नाय का?"

अर्ज त्या दिवशी पुढच्या टेबलावर गेला.