रक्त मूल कोशिकांची भ्रूणीय उत्पत्ती

रक्त मूल कोशिकांची भ्रूणीय उत्पत्ती : रक्तातील तांबड्या कोशिका (पेशी), पांढऱ्या कोशिका व बिंबाणू हे सर्व घटक ज्या एका मूळ प्रकारच्या कोशिकांपासून आयुष्यभर तयार होत राहतात, त्यांना रक्त मूल कोशिका म्हणतात. मानवी तांबडी कोशिका सु. १२० दिवस टिकते. त्यामुळे प्रौढ शरीरात दर सेकंदास सु. २० लक्ष नव्या तांबड्या कोशिका तयार व्हाव्या लागतात. हा पुरवठा अखंड चालू राहतो, कारण मूल कोशिका इतर कोशिकांना जन्म देतात आणि त्याबरोबरच स्वतःसारख्या कोशिकाही पुन्हा निर्माण करतात. प्रौढावस्थेत त्यांचे वास्तव्य अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात) असते; परंतु त्यांचा जन्म तेथे होत नाही. तो भ्रूणात नेमका कोठे होतो, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ वादाचा विषय झाला होता.

प्रारंभीच्या कल्पना : अस्थिमज्जा हे रक्तनिर्मितीचे स्थान असल्याचे १८६८ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान व इटलीत जूल्यो बीत्सोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. सर्व रक्तकोशिकांचा पूर्वज एकच की निरनिराळा, याविषयी त्यानंतर मतभेद होते. रशियन ऊतकवैज्ञानिक अलेक्सांदर मक्सिमॉव्ह यांनी १९०९ मध्ये एकाच समाईक पूर्वज कोशिकेचा पुरस्कार केला. भ्रूणवैज्ञानिकांचे लक्ष मात्र पीतक-कोशाकडे होते. पीतक-कोश हा भ्रूणाच्या शरीराबाहेर असणारा कोश असून त्याच्या भित्तीत रक्ताची पहिली बेटे दिसू लागतात. फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकन शास्त्रज्ञ विदुषींनी कोंबडीच्या दुसऱ्या दिवसाच्या जिवंत भ्रूणात रक्तवाहिन्या व तांबड्या कोशिका तयार होताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या व १९२० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९१७ मध्ये एच. ई. जॉर्डन यांनी भ्रूणाच्या महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या प्रमुख रोहिणीच्या) आतील अस्तराला चिकटलेल्या गोल कोशिकांच्या पुंजक्यांचे वर्णन केले होते. परंतु या कोशिका अस्तरातून उपजल्या की रक्तप्रवाहातून येऊन तेथे अडकल्या, हे मृत ऊतकाच्या रंजित छेदांवरून ठरविता येत नव्हते. त्यामुळे हे निरीक्षण पुढे मागे पडले.

मूल कोशिकांचा पुरावा : १९४९ मध्ये शिकागो येथे लीअन जेकबसन यांना असे आढळले की, उंदराची प्लीहा शिशाने झाकून घेतल्यास तो क्ष-किरणांच्या मारक मात्रेतूनही वाचतो. १९५१ मध्ये ईगॉन लोरेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेच्या अंतःक्षेपणाने (टोचण्याने) तोच परिणाम साधला. हा परिणाम एखाद्या रासायनिक द्रव्याचा नसून दात्याच्या जिवंत कोशिकांचा आहे, हे १९५६ मध्ये गुणसूत्रांच्या खुणेवरून सिद्ध झाले. १९६१ मध्ये टोराँटो येथील जेम्स टिल व अर्न्स्ट मकलक यांनी अशा उंदरांच्या प्लीहेत मज्जाकोशिकांपासून गाठी तयार होतात असे दाखविले. प्रत्येक गाठ एकाच कोशिकेपासून निपजते, हेही १९६३ मध्ये स्पष्ट झाले. अशा रीतीने जी केवळ कल्पना होती ती मोजता येण्याजोगी वस्तू बनली.

पीतक-कोशाचा सिद्धांत : ही मोजणीची रीत भ्रूणास लावण्याचे काम माल्कम मूर व डॉनल्ड मेटकाफ यांनी मेलबर्न येथे केले. उंदराचा सात दिवसांचा भ्रूण त्यांनी पीतक-कोशापासून वेगळा करून दोन दिवस वाढविला, तेव्हा त्यात रक्तजनक कोशिका आढळल्या नाहीत. पीतक-कोशात मात्र त्या मिळाल्या. यावरून पीतक-कोशातील मूल कोशिका रक्ताबरोबर यकृतात व तेथून अस्थिमज्जेत जातात, असा निष्कर्ष त्यांनी १९७० मध्ये मांडला. यकृत व अस्थिमज्जा यांना कोशिका बाहेरून मिळतात, हा त्यातील भाग पुढेही खरा ठरला. त्यांच्या उगमाविषयीचा भाग मात्र पुढील संशोधनात टिकला नाही.

पक्ष्यांवरील प्रयोग : पहिला आक्षेप फ्रान्समधून आला. लावा पक्ष्याच्या कोशिकेचे केंद्रक रंजित केल्यावर त्यात ठळक पुंजका दिसतो, तसा कोंबडीच्या कोशिकेत दिसत नाही. या फरकाचा खूण म्हणून उपयोग करण्याची रीत नीकॉल ल द्वारें यांनी प्रचारात आणली. तिचा आधार घेऊन फ्रांस्वाझ दीतर्लेन-लिएव्र यांनी लाव्याच्या भ्रूणाचे शरीर कोंबडीच्या पीतक-कोशावर बसविले. अशा मिश्र भ्रूणाची प्लीहा व यौवनलोपी ग्रंथी यांतील रक्तकोशिका लाव्याच्या निघाल्या (१९७५). म्हणजे कायम टिकणारे रक्त भ्रूणाच्या शरीरातच उपजते व पीतक-कोशातील रक्त तात्पुरते असते. बेडकांवरील रोपण-प्रयोगांतूनही भ्रूणशरीरातील उगमास दुजोरा मिळाला. तथापि सस्तन प्राण्यांत तसेच असेल, हे मान्य होण्यास आणखी सु. दोन दशके जावी लागली.

सस्तन प्राण्यांतील पुरावा : १९९३ मध्ये दोन संशोधक-गटांनी उंदराच्या भ्रूणात महारोहिणीच्या परिसरात रक्तजनक कोशिका असल्याचे दाखविले. महारोहिणी, जननग्रंथी व मध्यवृक्क (भ्रूणातील तात्पुरते मूत्रपिंड) यांनी व्यापलेला हा प्रदेश आहे. या प्रदेशाचे तुकडे गर्भधारणेच्या दहाव्या दिवशी, म्हणजे मूल कोशिका अन्यत्र पोहोचण्यापूर्वी, वेगळे काढून वाढविले असता त्यांत मूल कोशिका आपोआप उद्‌भवतात, असे अलेक्सांडर मेद्विन्स्की व इलेन झिअरझॅक यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. त्याच वर्षी आना कुमानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताभिसरण सुरू होण्यापूर्वीच भ्रूण व पीतक-कोश अलग केले. पीतक-कोशापासून तांबड्या व काही पांढऱ्या कोशिकाच मिळाल्या; लसीका कोशिका निर्माण करण्याची क्षमता फक्त भ्रूणशरीरात आढळली.

जुना निष्कर्ष का चुकला, हे यावरून उमगते. प्लीहेत किंवा काचपात्रात गाठी उत्पन्न करणारी प्रत्येक कोशिका मूल कोशिका नसते. किरणांनी मज्जा नष्ट झालेल्या प्रौढ प्राण्याचे संपूर्ण रक्त दीर्घकाळ पुन्हा उभे करणे, हीच तिची खरी कसोटी होय. या कसोटीस उतरणाऱ्या कोशिका उंदराच्या भ्रूणात अकराव्या दिवशीही जेमतेम एखादीच असते. ज्या ठिकाणी रक्त प्रथम दिसते तेच आयुष्यभराच्या रक्ताचे उगमस्थान असले पाहिजे, हे गृहीतकच सदोष होते.

भित्तीतून जन्म : महारोहिणीतील पुंजक्यांचा जुना प्रश्नही यथावकाश सुटला. १९९८ मध्ये तिएरी झाफ्रेदो व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील रोहिणीच्या अस्तराला रंगाची खूण केली. ती खूण पुढे पुंजक्यांतील कोशिकांत आढळली. २०१० मध्ये झेब्रा माशाच्या पारदर्शक भ्रूणात ही क्रिया प्रत्यक्ष पाहता आली. अस्तरातील चपटी कोशिका वाकते, शेजारच्या कोशिकांपासून सुटते व अलग होऊन रक्तकोशिका बनते. त्याच वर्षी उंदराच्या महारोहिणीतही हेच दिसले. हे रूपांतर घडण्यास रंक्स-१ या जनुकाची आवश्यकता असते. ते नसलेले उंदराचे भ्रूण गर्भावस्थेतच मरतात. वाहत्या रक्ताचा भित्तीवरील घर्षणदाबही या क्रियेस साहाय्य करतो, असे २००९ मध्ये आढळले. एका अर्थी, तात्पुरते रक्त वाहू लागल्यावरच कायमच्या रक्ताची पूर्ण तयारी होते.

सांप्रतचे चित्र : मानवी भ्रूणात पीतक-कोशातील रक्तनिर्मिती तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. महारोहिणीतील पुंजके सु. २७ व्या दिवसापासून दिसू लागतात व सु. ४० व्या दिवसापर्यंत नाहीसे होतात. मूल कोशिकांच्या जन्माचा काळ इतका अल्प असतो. पुढे यकृतात त्यांची संख्या वाढते व गर्भावस्थेच्या उत्तरार्धात अस्थिमज्जा हे त्यांचे प्रमुख स्थान बनते. पीतक-कोशाचे महत्त्व मात्र यामुळे संपत नाही. मेंदूतील भक्षक कोशिका पीतक-कोशाच्या प्रारंभीच्या कोशिकांपासूनच येतात, असे उंदरांत २०१० मध्ये दिसून आले. तसेच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, मूल कोशिकांखेरीज अन्य भ्रूणीय पूर्वज कोशिकाही उंदराच्या प्रौढ रक्तास दीर्घकाळ हातभार लावतात.

व्यावहारिक महत्त्व : रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया इ. विकारांत मज्जारोपण केले जाते. पण ऊतके जुळणारा दाता न मिळाल्याने अनेक रुग्ण त्यापासून वंचित राहतात. रुग्णाच्याच साध्या कोशिकांपासून मूल कोशिका बनविता आल्या, तर ही अडचण दूर होईल. त्यासाठी महारोहिणीत घडणारे टप्पे काचपात्रात क्रमाने घडवून आणावे लागतात. २०२४ मध्ये मेलबर्न येथील संशोधकांनी प्रौढ मानवी कोशिकांपासून मिळविलेल्या बहुक्षम कोशिकांतून अशा रक्तकोशिका तयार केल्या. प्रतिकारक्षमता नसलेल्या उंदरांच्या मज्जेत त्या रुजून दीर्घकाळ टिकल्या. रुग्णांसाठी त्यांचा उपयोग होण्यापूर्वी त्यांची सुरक्षितता व पुरेशा संख्येने निर्मिती या बाबी सिद्ध व्हावयास हव्यात.