कोरेगावच्या दगडावरची नावं

"५०० महारांनी २८,००० पेशवे कापले."

हे वाक्य आपल्या वस्तीत ज्याला त्याला पाठ आहे. गाण्यात आहे, कॅलेंडरवर आहे, मोबाईलच्या स्टेटसला आहे. डिसेंबर संपत आला की पोरं ते बनियनवर छापून घेतात. त्या वाक्यात ताकद आहे, नाही कोण म्हणतो? ज्याला गावानं पिढ्यान् पिढ्या मान वर करू दिली नाही, त्याला असलं एखादं वाक्य लागतंच. पण दोस्तहो, हे वाक्य घोषणेला पुरतं, पोरांच्या प्रश्नांना पुरत नाही. आणि पोरं आता प्रश्न विचारायला लागलीत. म्हणून हे लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीला सुटली. पुढं जे काय शिकलो ते बाबासाहेबांच्या खंडांतनं आणि रद्दीच्या दुकानातनं. मागच्या फेब्रुवारीत एक खाडा टाकला आणि आई, बायको, ताई आणि ताईची दोन पोरं घेऊन भीमा कोरेगावला गेलो. थोरला बारा वर्षांचा, धाकटी नऊची. एक जानेवारीला मुद्दाम नेलं नाही. त्या दिवशी लाखोंनी माणूस येतो. स्तंभ दिसतो, हात जोडले जातात, पण स्तंभ वाचता येत नाही. मला पोरांकडनं तो वाचून घ्यायचा होता.

पुण्याहून नगर रस्त्यानं तीसेक किलोमीटर. उतरायचं पेरणे फाट्याला. बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही, पण स्तंभ उभा आहे तो पेरणे गावच्या हद्दीत, भीमेच्या पुण्याकडच्या काठाला. लढाई पेटली ते कोरेगाव पुलापलीकडं, दुसऱ्या काठाला. पोरांना आधी नदी दाखवा. नदी समजली नाही तर ही लढाई समजायची नाही.

आता घटना सांगतो. आपल्या भाषणांत घटना थोडी आणि आवेश फार असतो.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशवा दुसरा बाजीराव आणि कंपनी यांच्यात लढाई जुंपली. १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं. बाजीराव फौज घेऊन हिंडत राहिला. डिसेंबरअखेर तो परत पुण्याच्या रोखानं आला, तेव्हा पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं शिरूरच्या छावणीकडं मदत मागितली. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमाराला कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० पायदळ. अडीचशे-तीनशे स्वार. मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि २४ गोरे गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणसं, असा आकडा देतात. रात्रभरात ४० किलोमीटरच्या वर चालून ही माणसं सकाळी कोरेगावजवळ आली, तर नदीपलीकडं पेशव्याचं अख्खं लष्कर. २०,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ, असं सांगतात.

स्टाँटननं गाव धरलं. पेशव्याच्या बाजूनं अरब, गोसावी आणि कवायती पायदळ अशा प्रत्येकी काहीशे माणसांच्या तीन तुकड्या नदी ओलांडून आल्या. म्हणजे २८,००० एकदम अंगावर आले नाहीत. पण जे आले ते दिवसभर येत राहिले, आणि मागं बाकीचं लष्कर उभंच होतं. लढाई झाली ती गावाच्या गल्लीबोळात, घरांच्या भिंतीआडनं. एक तोफ गेली, तोफखान्याचा अधिकारी मारला गेला, मग ती तोफ परत हिसकावून घेतली. रात्रभर चाललेली माणसं, पोटात अन्न नाही. आणि पाणी नाही. नदी समोर वाहतेय, आणि दिवसभर घोटभर पाणी नाही. ते रात्री मिळालं, मारा थंडावल्यावर.

रात्री पेशव्याच्या फौजेनं गाव सोडलं. जनरल स्मिथ मागावर येतोय ही खबर होती. स्टाँटनही पुण्याला गेला नाही, शिरूरला परतला. त्याची २७५ माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. पेशव्याकडची ५०० ते ६०० मेली किंवा जखमी झाली, हा इंग्रजांचाच अंदाज. पेशवाई त्या रात्री बुडाली नाही. बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमला शरण गेला आणि वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन घेऊन बिठूरला जाऊन राहिला.

म्हणजे २८,००० कापले गेले नाहीत. आणि लढणारे सगळे महार नव्हते. यानं आपलं काय कमी झालं? काहीच नाही. तहानलेला माणूस बारा तास गल्लीत उभा राहिला आणि हटला नाही. याच्यावर फुगवटा चढवायची गरज काय? फुगवलं की समोरचा एकच आकडा खोटा पाडतो, आणि त्या आकड्याबरोबर आपला बापही खोटा पाडतो.

आता स्तंभ. २६ मार्च १८२१ ला पाया घातला. उंची ६० फूट. बांधला कंपनीनं, स्वतःच्या कौतुकासाठी. पोरांना मी वही-पेन्सिल दिली आणि म्हटलं, मोजा. मेलेल्यांची नावं ४९. त्यातली 'नाक'वर संपणारी २२. अंबनाक काननाक. रूपनाक लखनाक. गोपाळनाक बाळनाक. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यूही आहेत.

धाकटी म्हणाली, "मामा, हे गोपाळनाक आणि बाळनाक भाऊ होते का?"

म्हटलं, नाही गं, पहिलं त्याचं नाव, दुसरं त्याच्या बापाचं.

दोस्तहो, इथं जरा थांबा. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय, की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, पाऊल पुसलं जावं म्हणून. गळ्यात मडकं अडकवावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. ज्याच्या पावलाची खूणसुद्धा मातीवर राहू द्यायची नाही, त्याचं नाव बापाच्या नावासकट दगडात खोदलं गेलं, आणि ते पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांत, पुण्यापासून तीस किलोमीटरवर. हे मला २८,००० पेक्षा मोठं वाटतं.

थोरल्यानं वही मिटली आणि विचारलं, "समोरच्यांच्यातले मेले त्यांची नावं कुठायत?"

कुठंच नाहीत. अरब मेले, गोसावी मेले, गरिबाची पोरं मेली. त्यांच्या धन्यानं त्यांच्यासाठी असा दगड उभा केला नाही. आपलं भांडण पेशवाईशी आहे. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेशी आहे. त्या मेलेल्या अरबाशी आपलं काय भांडण? पोरांना हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर त्यांच्या हातात इतिहासाऐवजी नुसता दगड राहील.

मग तिसरा प्रश्न आला, जो आपल्याला सगळेच विचारतात. "इंग्रज आपले होते का?"

नव्हते. दगडावर जातीविरुद्ध एक अक्षर नाही, कंपनीच्या शौर्याची तारीफ आहे. शिपाई पगारासाठी लढला. आपल्या माणसाला जिथं बंदूक आणि पगार मिळाला तिथं तो गेला, कारण गावात दोन्ही नव्हतं. आणि त्याच इंग्रजानं काम झाल्यावर काय केलं? १८९० नंतर दोन-तीन वर्षांत महारांची लष्करभरती बंद केली. लढवय्या जाती कोणत्या ते त्यानं ठरवलं आणि त्यात आपल्याला बसवलं नाही. स्तंभावर २२ नावं, आणि छावणीच्या दाराला कुलूप.

स्तंभाचा खरा इतिहास इथनं सुरू होतो. गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातनं निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या मंत्र्याकडं अर्ज धाडला. कंपनीनं स्वतःच्या बढाईसाठी उभा केलेला दगड या माणसांनी पुरावा म्हणून वापरला. तुमच्याच अक्षरात आमच्या बापाचं नाव आहे, आता दार उघडा. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब या स्तंभापाशी आले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. १८१८ मध्ये नदीकाठी पाण्याविना लढलेले, आणि १९२७ मध्ये तळ्याकाठी पाण्यासाठी उभे राहिलेले. मधल्या १०९ वर्षांत इंग्रजांनी आपल्याला पाणी दिलं नव्हतं. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारलं, की तुमच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, आज उघडी आहे का? लष्कर बंद होतं, आज उघडं आहे का? महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

आता अलीकडचं. माझी आई यायला तयार नव्हती. "पोरांना घिऊन तिकडं नगं रं जाऊ," म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं २०१८ होतं. लढाईला २०० वर्षं झाली त्या १ जानेवारीला इथं आलेल्यांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. सणसवाडीत एका तरुण पोराचा जीव गेला. तो मराठा समाजातला होता. मी पोरांना हेही सांगितलं. आपल्या अंगावर दगड आले हे सांगायचं, आणि मेला तो कुणाच्या तरी आईचा पोरगा होता हेही सांगायचं. आई स्तंभाजवळ बराच वेळ बसून होती. तिला वाचता येत नाही. धाकटीनं तिला बावीसच्या बावीस नावं वाचून दाखवली. आणि वाचून झाल्यावर विचारलं, "यांच्या आयांची नावं का नाहीत?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, काम होतं. घरी आल्यावर तिच्या वहीत आमच्या घरातली नावं लिहून काढली. आजी, पणजी, आईला आठवली तितकी. कोण शेतावर राबली, कोण गिरणीत, तेही लिहिलं.

दोस्तहो, एक जानेवारीला जा. घोषणा द्या, जोरात द्या. पण वर्षातनं एकदा साध्या दिवशी घरची माणसं घेऊन जा. पोरांच्या हातात वही द्या. आधी नदी दाखवा, मग नावं मोजायला लावा. प्रश्न आला तर दामटू नका. आणि कुणी आकडा विचारला तर खरा सांगा. ४९ नावं, त्यात २२ आपली, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. तो आकडा दगडात आहे. कुणीही जाऊन मोजावा.

जयभीम.