भेदरलेली मुलं आणि बालवाडीच्या बाई: आपण विसरलेला इतिहास

दरड कोसळते, पूर येतो, तेव्हा बातम्यांत आकडे येतात. किती गेले, किती घरं पडली, किती मदत जाहीर झाली. पण ज्या चार वर्षांच्या पोराने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, ते आठवड्याभराने कुठे जातं? अंगणवाडी उघडली की अंगणवाडीत. म्हणजे घराबाहेर त्याला रोज भेटणारी पहिली मोठी व्यक्ती अंगणवाडीताई असते. दारूच्या भांडणातून आलेलं मूल, आई गेलेलं मूल, ऊसतोडीच्या फडावरून परतलेलं मूल, सगळी तिच्याकडेच येतात.

अशा मुलांना कसं सांभाळायचं हे ताईंना शिकवायला हवं, असं म्हटलं की काही जण म्हणतात, हे परदेशी फॅड आहे, आधी अंक-अक्षरं तर येऊ द्या! म्हणून हा इतिहास सांगतोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

२८ डिसेंबर १९०८. पहाटे इटलीतलं मेसिना शहर भूकंपाने जमीनदोस्त झालं, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या. हजारो माणसं गेली. ढिगाऱ्यांतून सापडलेली सुमारे ६० लहान मुलं रोममधल्या जोगिणींच्या एका मठात आणली गेली. त्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती. ती बोलत नव्हती, धड जेवत नव्हती, रात्री किंचाळून उठत होती. जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १९०७ च्या जानेवारीत, मारिया माँटेसरीबाईंनी रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं होतं. त्यांची पद्धत या मठात आली.

तिथे नेमकं काय केलं? कुणी मुलांना समोर बसवून 'काय झालं ते सांग' असं विचारत बसलं नाही. मुलांच्या उंचीची टेबलं, छोटी कपाटं आणली, फुलदाण्यांत फुलं ठेवली. ताटं मांडणं, वाढणं, आवरणं ही कामं मुलांना नीट शिकवून त्यांच्यावर सोपवली. रोज तेच, त्याच क्रमाने. हळूहळू मुलं जेवायला लागली, झोपायला लागली, मग हसायलाही लागली. बाईंनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. ज्या माँटेसरी पद्धतीसाठी आज आपण शहरात मोठमोठी फी भरतो, तिच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट आहे.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये बाईंनी 'व्हाइट क्रॉस' नावाच्या संघटनेची योजना मांडली. जखमी सैनिकांसाठी रेड क्रॉस आहे, मग युद्धाने मनातून जखमी झालेल्या मुलांसाठी कोण, हा त्यांचा सवाल होता. शिक्षकांसाठी त्यांनी अभ्यासक्रमही सुचवला: प्रथमोपचार, मज्जासंस्थेचे आजार, लहान मुलांचा आहार, अशा मुलांचं मानसशास्त्र, आणि त्याला जोडून शिकवण्याची पद्धत. म्हणजे आज ज्याला 'ट्रॉमा समजून घेणारं शिक्षण' म्हणतात, त्याचा आराखडा शंभर वर्षांपूर्वी तयार होता. ती संघटना मात्र कधीच उभी राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. व्हिएन्नातून १९३८ मध्ये परागंदा झालेल्या ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांच्या लक्षात आलं की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त मोडते. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पालकांना कधीही येऊन मुलाला भेटायची मुभा दिली. आणि सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळायचं ही पद्धत बंद करून साधारण चार-चार मुलांमागे एक ठरलेली बाई नेमली. सुरुवातीला उलट रडारड आणि हेवेदावे वाढले. पण मग मुलांचं बोलणं, शी-शूच्या सवयी झपाट्याने सुधारल्या.

तिथे काम करणाऱ्या बऱ्याच जणी तरुण, स्वतःच निर्वासित होत्या. काम करता करताच त्यांचं प्रशिक्षण चालायचं. मुलात काय दिसलं ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचं आणि त्यावर एकत्र बसून बोलायचं. बॉयलर सांभाळणाऱ्या जेम्स रॉबर्टसननाही यातून सूट नव्हती. याच माणसाने १९५२ मध्ये दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटू द्यायला हवं, हे इंग्लंडला पटवण्यात त्या फिल्मचा मोठा वाटा आहे.

आता आपल्याकडे या. माँटेसरींचे विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी इथल्या मातीत रुजवले. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डहाणूचा हा भाग वेठबिगारीने पिळलेला. बाहेरून आलेल्या माणसावर आदिवासी पाड्याने विश्वास का ठेवावा? मुलं शाळेत येईनात, तर शाळाच मुलांच्या अंगणात गेली. आंघोळ घालणं, केस विंचरणं, मग गाणी, आणि साधनं म्हणून बिया, शिंपले, दगड, पानं. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. हरवलेलं बालपण म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आला आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला.

शब्द देशभर गेला, पण त्यामागचं काम किती गेलं? आज ताईचा दिवस वजन, आहार, सर्वेक्षण आणि मोबाईलमधल्या ॲपमध्ये जातो. कोपऱ्यात गप्प बसणारं किंवा सारखं चावणारं मूल 'त्रासदायक' ठरतं. ते घाबरलेलं असू शकतं हे ओळखायला वेळ लागतो, शिकवावं लागतं, आणि ताईला स्वतःला कुणाशी तरी बोलता यावं लागतं. हॅम्पस्टेडमध्ये कार्डं लिहून एकत्र बोलणं होतं. आपल्या ताईने कुणाशी बोलायचं?

२०२० च्या शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली आहे. संधी हीच आहे. घाबरलेल्या मुलाशी कसं वागायचं, यासाठी त्यात किती तास आहेत? ते फक्त मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत, की कुणी अंगणवाडीत येऊन सोबत बसणार आहे?

आणि गावावर आपत्ती आली तर अंगणवाडी लवकरात लवकर, तंबूत का होईना, उघडावी. तीच ताई, तीच वेळ, तीच गाणी. त्या दिवसांत तिला पंचनाम्याच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपू नये. याला फार पैसा लागत नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा. आणि उद्या ताई भेटल्या तर पोषण आहाराबद्दल विचारता तसं हेही विचारा: "ताई, मुलं कशी आहेत? आणि तुम्ही कशा आहात?"