पुरलेली नाणी आणि वाजणारे यंत्र

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर गुप्तधनाची कथा एकच आहे. जुन्या गढीच्या बुरुजाखाली किंवा पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात मोहरांचा हंडा पुरलेला असतो, त्यावर नाग वेटोळे घालून बसलेला असतो, आणि तो हंडा दिसतो केवळ पायाळू माणसाला, तेही डोळ्यांत अंजन घातल्यावर. या समजुतीपायी माणसांची मजल नरबळीपर्यंत गेली. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख त्यात मुद्दाम करावा लागला. अलीकडे पायाळूच्या जागी एक यंत्र आले आहे. लांब दांड्याला लावलेली तबकडी जमिनीवरून फिरवावी आणि धातूवर येताच ते वाजावे, असे हे मेटल डिटेक्टर नावाचे यंत्र होय.

या यंत्राचा जन्म धनलोभातून झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असे एक उपकरण रुग्णशय्येपाशी नेले होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी उपकरणाला चकविले, असे पुढे सांगण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसाकी या अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे सुटसुटीत यंत्र तयार केले आणि १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत त्याचा मोठा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली यंत्रे बाजारात आली आणि सुरुंग शोधणारी तबकडी नाणी शोधू लागली. तिचे तत्त्व साधे आहे. तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा उलट परिणाम यंत्राला जाणवतो. एकटे नाणे वीतभर खोलीच्या आसपासच कळते. मोठे भांडे त्याहून खोलवर कळू शकते. जमिनीत लोहद्रव्य अधिक असले, तर यंत्र उगाच कुरकुरते. नांगराचा तुटलेला फाळ, बैलाचा नाल आणि सातवाहनांचे नाणे यांतील फरक त्याला फारसा समजत नाही.

हे यंत्र घेऊन एखादा मनुष्य जैनथच्या शिवारात उतरला, तर त्याच्या हाती काय लागेल यापेक्षा त्याच्या हातून काय जाईल, हा विचार अधिक अगत्याचा आहे. जैनथ हे तेलंगणातील आदिलाबाद शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवरचे गाव. भोवताली कापसाची काळी जमीन, उत्तरेस पैनगंगा आणि पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेव्हा येथील मराठी बोली ही काही परकी पाहुणी नव्हे. गावात लक्ष्मीनारायणाचे काळ्या पाषाणाचे प्राचीन मंदिर आहे. पण इतिहासकारांना जैनथ परिचित आहे ते येथे मिळालेल्या एका शिलालेखामुळे.

हा लेख परमार राजपुत्र जगद्देवाच्या काळचा आहे. जगद्देव हा माळव्याच्या उदयादित्याचा पुत्र. माळव्याचे घर सोडून तो दक्षिणेत आला आणि कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या पदरी राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथील शके १०३४ चा, म्हणजे इसवी सन १११२ चा लेखही त्याच्याच काळचा असून तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून प्रसिद्ध केला. जैनथच्या लेखात जगद्देवाच्या पराक्रमाची वर्णने आहेत, आणि त्याच्या पदरच्या लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. पैनगंगेच्या एका तीरावर डोंगरगाव, दुसऱ्या तीरावर जैनथ: दोन दगड एकमेकांशेजारी ठेवून वाचले तेव्हा माळव्याच्या एका राजपुत्राची या प्रदेशातील सत्ता उजेडात आली. राजांच्या गर्दीत पद्मावतीसारख्या स्त्रीचे नाव उरले, हेही थोडे नव्हे.

गुप्तधनाच्या मागे लागलेल्या माणसाच्या पहारेखाली प्रथम फुटतो तो असाच दगड. पोटात सोने असल्याच्या समजुतीने फोडलेले नंदी आणि गाभाऱ्यातील उखडलेल्या फरशा दक्षिणेत ठिकठिकाणी पाहावयास मिळतात. आता हातात यंत्र आल्यामुळे उघडे रानही त्यांना वर्ज्य राहिलेले नाही.

तेलंगणाच्या भूमीत नाणी आहेत, यात शंका नाही. गोदावरीकाठच्या कोटिलिंगाल येथे सातवाहन वंशाचा संस्थापक सिमुक याची आणि त्याच्याही पूर्वीच्या, इतरत्र अज्ञात असलेल्या राजांची नाणी मिळाली; पेद्दबंकूरच्या उत्खननात तर हजारोंनी मिळाली. पूर्वी पेढी होती ती बाजारच्या गावी. खेड्यातील माणसाची पेढी म्हणजे घरातली जमीन. परचक्राची वार्ता आली, यात्रेला निघायचे झाले, वाटणीची भीती वाटली, की मडक्यात नाणी घालून ती पुरावयाची. पुरणारा परत आला तर मडके निघे. आपल्याला आज जे सापडते, ते परत न आलेल्यांचे.

अशा साठ्याची किंमत धातूच्या भावाने करता येत नाही, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातच दोन उत्तम दाखले आहेत. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली सव्वातेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. ती होती क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा चैत्य उमटला होता. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता बलश्री हिने आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे कोरविले आहे. या नाण्यांनी त्या शब्दांची साक्ष पटविली. सारा साठा एकत्र हाती आला म्हणून पुन्हा ठोकलेली किती आणि न ठोकलेली किती, हे मोजता आले. नहपानाचे मुखवटे परस्परांहून इतके निराळे का, हा प्रश्नदेखील हजारो नाणी शेजारी मांडल्यावरच रेव्हरंड स्कॉट या अभ्यासकाला पडला. हीच नाणी मूठमूठ करून दहा सोनारांकडे गेली असती, तर चांदीचा भाव तेवढा मिळाला असता आणि प्रश्नही पडला नसता.

दुसरा दाखला तऱ्हाळ्याचा. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या या गावी १९३९ साली सातवाहनांची सुमारे दीड हजार नाणी मिळाली. ती पोटीन नावाच्या मिश्र धातूची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या संमिश्राची. दिसावयास मळकट आणि मोडीत कवडीमोल. सोन्याच्या आशेने खणणाऱ्याने ती बांधावर भिरकावली असती. मिराशींनी त्यांवरील अक्षरे एकेक करून लावली, तेव्हा पुराणांतील वंशावळींत ज्यांचे नावही नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हे राजे पुढे आले. विस्मृतीत गेलेले राजे त्या मळकट तुकड्यांत होते!

यासाठी साठा कोठे होता, किती खोल होता, भांडे कसले होते, वरची नाणी कोणती आणि तळची कोणती, हे सारे टिपून ठेवावे लागते. पुरातत्त्वज्ञ हलक्या हाताने, थराथराने उकरतो तो याकरिता. रात्री कंदिलाच्या उजेडात, कोणी पाहील या भीतीने खणणाऱ्याकडून ते होणे शक्य नाही. पुढे विकताना तर तो सापडल्याचे ठिकाणही खोटेच सांगतो. मग चोरलेले नाणे एक वेळ परत मिळते, त्याचे गाव मिळत नाही.

कायद्याने सापडणाऱ्यास अगदीच वाऱ्यावर सोडलेले आहे, असेही नाही. ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या निखात निधि कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास लेखी कळविणे बंधनकारक केले. लपवून ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. पण ठेवा बेवारस ठरला आणि दुसरा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्यास आणि एक हिस्सा जमीनमालकास, अशीही त्यात तरतूद आहे. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यावयाचे ठरविले, तर धातूच्या किमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम द्यावी लागते. ही तरतूद खेड्यात फारशी कोणास ठाऊक नसते. ठाऊक असते ती फौजदाराची भीती, आणि म्हणून नाणी मुकाट्याने मुशीत जातात.

इंग्लंडमध्ये १९९२ साली हॉक्स्न या गावी एरिक लॉज नावाचा गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन एका शेतात फिरत होता. तो धनाच्या शोधात नव्हता. शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधीत होता. यंत्र वाजले, त्याने थोडे उकरले, चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी दिसू लागली. तेव्हा त्याने हात आवरला आणि ती खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी येऊन सारा साठा जागच्या जागी पाहून, नोंदून काढला. सोने, चांदी आणि कांसे मिळून सुमारे पंधरा हजार रोमन नाणी निघाली. ज्या लाकडी पेटीत ती ठेवली होती, तिच्या खुणादेखील मातीत ओळखता आल्या. लॉज यास साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्याने ते त्या शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो आता त्या नाण्यांसह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.