वॉरन मून : संधी आणि पुरावा

आज आपण एका खेळाडूचं चरित्र पाहणार आहोत, आणि त्यातून तर्कशास्त्रातला एक जुना दोषही. खेळाडू वॉरन मून, खेळ अमेरिकन फुटबॉल.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचयाचा नाही, म्हणून आधी थोडं सांगू. नाव फुटबॉल असलं तरी यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. डाव सुरू झाला की तो क्वार्टरबॅककडे येतो. साथीदाराच्या हातात द्यायचा की पुढे धावणाऱ्याकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला पाडायला धावून येतात. म्हणून ही जागा 'डोक्याची' मानली गेली.

आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. कृष्णवर्णीय खेळाडू धावेल उत्तम, पण डोकं आणि नेतृत्व त्याला झेपणार नाही, असा समज तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये अनेक दशकं घट्ट बसला होता. १९६८ साली डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्कोने पहिल्याच मोसमात १४ टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी ती जागा त्याला मिळाली नाही. बफेलोला जाऊन तो पास झेलणारा खेळाडू झाला.

मूनचा जन्म १९५६ चा, लॉस एंजेलिसचा. सात वर्षांचा असताना वडील गेले. आई नर्स, घरात सहा बहिणी. जागा बदल, असं त्याला कॉलेजच्या वेळीही सुचवलं गेलं. त्याने ऐकलं नाही. जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोलच्या मानाच्या सामन्यात त्याच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने मिशिगनला २७-२० असं हरवलं आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला मून. तरी व्यावसायिक क्लबांचा कल त्याला दिसत होता. त्यांच्या ड्राफ्टची, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांची, वाट न पाहता त्याने कॅनडातल्या एडमंटनशी करार केला. ड्राफ्टच्या १२ फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही.

कुणी म्हणेल, त्याच ड्राफ्टमध्ये डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला टँपा बे संघाने पहिल्याच फेरीत घेतलं होतं, मग भेदभाव कुठे? पण बघा, अलिखित नियमाचं हेच बळ असतं. एखादा अपवाद तो सहज पचवतो, आणि विचारलं तर तोच अपवाद पुढे करतो.

न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दोन गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या, पायाखाली जमीन नाही. आपली म्हण आहे ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! तसंच इथे. संधी का नाही? क्षमतेचा पुरावा नाही म्हणून. पुरावा का नाही? संधी नाही म्हणून.

मूनने हे वर्तुळ बाहेरून तोडलं. एडमंटनने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षं ग्रे कप जिंकला. मग १९८४ मध्ये अमेरिकन क्लबांत त्याच्यासाठी चढाओढ लागली आणि तो ह्यूस्टनला गेला. २००० च्या मोसमापर्यंत खेळला. तिथे त्याचे पास ४९,३२५ यार्डांचे भरले. सुपर बोल मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. जानेवारी १९९३ मध्ये बफेलोविरुद्ध ३५-३ अशी आघाडी असताना ह्यूस्टन ४१-३८ ने हरलं. तो सुपर बोल विल्यम्सने १९८८ मध्येच जिंकला होता, वॉशिंग्टन संघाकडून. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

२००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये मून दाखल झाला, तिथला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या भाषणात तो म्हणाला, त्याचा आशय असा : आपल्याला निव्वळ क्वार्टरबॅक म्हणून जोखलं जावं हीच आपली इच्छा होती, पण पहिलेपण आलंच आहे तर ते स्वीकारतो. आपल्या आधी वाट पाडणाऱ्यांचीही त्याने आठवण काढली.

'पहिला' या शब्दाचं आपल्याला फार कौतुक असतं, नाही का? पण त्या शब्दात आधीच्यांचा हिशेबही दडलेला असतो. ब्रिस्कोला पुढचा मोसम मिळता, तर त्याने काय केलं असतं? हे कुठल्याही आकडेवारीत सापडणार नाही. अन्यायाने माणसाची संधी जाते, तसा त्याच्या बाजूचा पुरावाही जन्माला येत नाही. म्हणून 'अमक्यांतून कुणी पुढे आलंच नाही' असं विधान कानावर पडलं, की आपण आधी एवढंच विचारावं : दार उघडं होतं का?