बेंथामचा हेत्वाभासग्रंथ

वाद म्हटला कीं त्यांत खऱ्याबरोबर खऱ्यासारखें दिसणारेंही आलेंच. म्हणून न्यायसूत्रांत पांच हेत्वाभास सांगितले आहेत. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेंही फसव्या अनुमानांचे तेरा प्रकार मानले. परंतु कायदे करणाऱ्या सभेंत वक्ते कोणत्या फसव्या युक्तिवादांचा आश्रय करितात, याचें सविस्तर विवेचन इंग्रजींत जेरेमी बेंथाम याच्या १८२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आढळतें.

या ग्रंथास एक निमित्त होतें. विल्यम जेरार्ड हॅमिल्टन हा पार्लमेंटचा सभासद १७५५ सालच्या आपल्या पहिल्याच भाषणानें इतका गाजला कीं, 'एकभाषणी हॅमिल्टन' हें नांव त्यास कायमचें चिकटलें. वादांत सरशी कशी करावी याविषयींचीं त्याचीं सूत्रें त्याच्या मृत्यूनंतर १८०८ सालीं छापून निघालीं. पक्ष खरा कीं खोटा, याची त्यांत फिकीर नव्हती. याच गोष्टीची बेंथामला चीड आली. मात्र हातचें लिखाण पुरें करून छापण्याची त्याला हौस नसे. त्याच्या टिपणांवरून ड्यूमाँ यानें १८१६ सालीं फ्रेंच ग्रंथ सिद्ध केला आणि बिंगहॅम यानें पुढें इंग्रजी.

इंग्रजी ग्रंथांत हेत्वाभासांचे चार वर्ग आहेत : प्रामाण्याचे, भयाचे, विलंबाचे आणि घोटाळ्याचे. पहिल्यांत 'पूर्वजांचें शहाणपण' मुख्य होय. बेंथामचें उत्तर मार्मिक आहे. म्हातारा माणूस तरुणाहून अनुभवी खरा. परंतु मागील पिढी म्हणजे म्हातारी पिढी नव्हे. जगाचें वय वाढत असल्यामुळें पूर्वजांचा काळ हें जगाचें बाल्य ठरतें. दुसऱ्या वर्गांत नव्या गोष्टीचा बागुलबोवा उभा करणें येतें. तिसऱ्यांत 'योजना उत्तम, पण वेळ आली नाहीं' हें म्हणणें; जो असें म्हणतो त्याला ती वेळ कधींच यावयास नको असते. चवथ्यांत शब्दांची लबाडी. एकाच बदलास 'सुधारणा' म्हटलें कीं स्तुति झाली आणि 'नवें खूळ' म्हटलें कीं निंदा झाली. जें सिद्ध करावयाचें तें नांवांतच गृहीत धरलें गेलें.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हता. वस्ती उरली नव्हती असें ओल्ड सॅरम पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत असे आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचा एकही नव्हता. अशी व्यवस्था सरळ कारणांनीं राखतां येत नाहीं; तिला असल्याच युक्तिवादांचा टेकू लागतो.

१८२५ साली 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्यें या ग्रंथाचें परीक्षण करितांना सिडनी स्मिथ या विनोदी धर्मोपदेशकानें एक कल्पित सभासद निर्माण केला व हे सारे हेत्वाभास एकाच भाषणांत त्याच्या तोंडीं घातले. बेंथामची क्लिष्ट भाषा जिथें वाचकांस दमवी, तिथें हें भाषण त्यांस हंसवी. वक्तृत्वाची जी हत्यारें सत्य झांकण्यास वापरलीं जात, तींच उपरोधाच्या रूपानें सत्याच्या कामीं आलीं.

तथापि बेंथामही सर्वस्वी निर्दोष नव्हता. प्रतिपक्षाच्या चारित्र्यावर वा हेतूंवर घसरणें हा हेत्वाभास, असें तो सांगतो. आणि विरोधकांच्या युक्तिवादांमागें त्यांचा स्वार्थ आहे, असें स्वतःच वारंवार बजावतो. स्वार्थी माणसाचेंही म्हणणें कधीं खरें असूं शकतें. तें खोडून काढण्याचें काम दोषाला नांव दिल्यानें संपत नाहीं.

१८३० च्या नोव्हेंबरांत मुख्य प्रधान वेलिंग्टन यानें उमरावांच्या सभेंत चालू व्यवस्थेची मुक्तकंठानें प्रशंसा केली; त्याच महिन्यांत त्याचें मंत्रिमंडळ गडगडलें. पुढें ७ जून १८३२ रोजीं प्रतिनिधित्वसुधारणेच्या कायद्यास राजाची संमति मिळाली आणि ओल्ड सॅरमचे सभासद गेले. तें पाहण्यास बेंथाम उरला नव्हता. आदल्याच दिवशीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला होता.